कोल्हापूरकडची वंशावळ आणि खानेसुमारी: नोंदी कुठून घ्यायच्या, कशा लिहायच्या?

सांजवात (सोमवार, रात्री ९:१०)
नमस्कार मंडळी. घराण्याची वंशावळ पणजोबांच्या मागे न्यायचं काम हाती घेतलंय. गाव करवीर तालुक्यातलं, मूळ घर पन्हाळ्याच्या बाजूचं असं सांगतात. परदेशातले लोक जनगणनेच्या कागदांवरून दर दहा वर्षांनी घरात कोण होतं, वय काय, धंदा काय, हे सगळं उभं करतात. आपल्याकडे तसं करता येईल का? माझे तीन प्रश्न:

१. १९३१ किंवा त्याआधीच्या जनगणनेची नावनिशीवार पत्रकं कोल्हापूर संस्थानासाठी कुठे मिळतात?
२. मिळालेली माहिती माणसागणिक लिहावी की घरागणिक?
३. मूळ कागदात नाव किंवा वय उघड चुकीचं दिसलं तर नीट करून उतरवावं का?

जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

अभिलेखकक्ष (सोमवार, रात्री ९:४८)
पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे तुमच्या खेपा वाचतील. अशी पत्रकं मिळत नाहीत. भारतात १८८१ पासून दर दहा वर्षांनी गणना झाली. प्रगणकाने भरलेल्या पत्रकांवरून आकडे काढले की पत्रकं नष्ट केली जायची. छापून राहिले ते फक्त तक्ते. कोल्हापूर संस्थानाचे आकडे मुंबई इलाख्याच्या खंडांत येतात. १९०१ ला संस्थानाची लोकसंख्या ९,१०,०११ होती, हे त्यात सापडेल. तुमच्या पणजोबांचं नाव सापडणार नाही.

स्वातंत्र्यानंतरची पत्रकंही उघडत नाहीत. जनगणना अधिनियम १९४८ च्या कलम १५ प्रमाणे प्रगणकाने केलेली नोंद कुणाला पाहता येत नाही आणि एखाददुसरा अपवाद सोडला तर कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. अमुक वर्षांनी खुली होईल अशी मुदतही त्यात नाही. ‘१९३१ चा उतारा काढून देतो’ म्हणून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

तांबडा_पांढरा (सोमवार, रात्री १०:०२)
आयला, म्हणजे दुकान सुरू व्हायच्या आधीच बंद! मग इंग्लंडवाल्यांचं कसं काय जमतं?

नकाशावाला (सोमवार, रात्री १०:३१)
तिकडे पत्रकं जपून ठेवायची आणि शंभर वर्षांनी खुली करायची पद्धत आहे. इंग्लंड-वेल्सची १८४१ ते १९२१ पर्यंतची नावनिशीवार गणना आज बघता येते. १९२१ ची जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. पण सगळं सरळ तिकडेही नाही. १९३१ ची पत्रकं डिसेंबर १९४२ मध्ये आगीत गेली आणि १९४१ ला युद्धामुळे गणनाच झाली नाही. मधल्या काळासाठी २९ सप्टेंबर १९३९ ला केलेली नोंदवही वापरतात. अमेरिकेत मुदत ७२ वर्षांची आहे, त्यामुळे १९५० ची गणना एप्रिल २०२२ पासून खुली आहे.

त्यांच्याकडून घ्यायचा तो शिस्तीचा भाग. १८८१ ची नोंद लिहिताना ते ‘आरजी ११’ ही मालिका, मग तुकडा क्रमांक, फोलिओ (पत्राचा क्रमांक) आणि पान असा पूर्ण पत्ता देतात. तो हातात असला की जगातला कुणीही तीच ओळ उघडून तपासू शकतो. आपल्याकडच्या वंशावळींत ‘तहसीलमधून मिळालं’ एवढंच लिहिलेलं असतं. पुढच्या पिढीने ते पुन्हा शोधायचं कसं?

आणि सरकारी कागदावरही डोळे झाकून विश्वास ठेवायचा नसतो. १८४१ च्या गणनेत पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवायची असा नियम होता. ५९ वर्षांचा माणूस ५५ चा दिसतो. नियम माहीत नसला की जन्मसाल चार वर्षांनी चुकतं.

अभिलेखकक्ष (सोमवार, रात्री ११:१५)
आता आपल्याकडे काय उरतं ते सांगतो.

गणनेच्या सगळ्यांत जवळ जाणारा कागद म्हणजे १९५१ ची नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही. १९५१ च्या गणनेतल्या माहितीवरूनच ती गावोगाव उतरवली होती, घरवार नावांसह. अलीकडे कुणबी नोंदींच्या शोधात तपासायच्या कागदांच्या यादीत ती होती, त्यामुळे पुष्कळ ठिकाणची दप्तरं उघडली गेली. जिथे शिल्लक आहे तिथे तहसीलच्या अभिलेख कक्षात चौकशी करा. गावाचं नाव आणि ‘१९५१ ची राष्ट्रीय नोंदवही’ असे शब्द अर्जात स्पष्ट लिहा. नुसतं ‘जनगणनेची नक्कल हवी’ लिहिलंत तर कलम १५ दाखवून परत पाठवतील.

दुसरा कागद गाव नमुना १४, म्हणजे आपलं कोतवाल बुक. जन्म आणि मृत्यूच्या नोंदी. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं, बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी एवढंच असतं. नाव बारशाला ठेवणार आणि कोतवाल त्याआधी नोंद करून गेलेला. मृत्यूच्या नोंदीत नाव, वय, कारण मिळतं. वंशावळीला मृत्यूची बाजू जास्त उपयोगी पडते.

तिसरा आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा, वारसाचा फेरफार, म्हणजे गाव नमुना ६. खातेदार मयत झाला की वारसांची नावं लागतात. एका फेरफारात दोन पिढ्या हाताला लागतात. सातबाऱ्यावर वर्तुळात जे आकडे असतात ते फेरफार क्रमांक. ते लिहून न्या आणि त्यांच्याच नकला मागा.

शिरोळकर (मंगळवार, सकाळी ७:२०)
१९५१ च्या नोंदवहीबद्दल थोडा वेगळा अनुभव नोंदवतो. ती सगळ्या गावांची मिळत नाही, आणि मिळाली तरी पानं तुटकी असतात. त्यापेक्षा शाळेचं जनरल रजिस्टर आधी बघावं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या शाळांची रजिस्टरं बरीच मागे जातात. नाव, बापाचं नाव, जात, जन्मठिकाण, जन्मतारीख, शाळा सोडल्याची तारीख, सगळं एका ओळीत.

एक धोका मात्र आहे. जन्मतारीख १ जून दिसली की ती मास्तरांनी घातलेली समजा. वर्षही अंदाजाचं असू शकतं.

अभिलेखकक्ष (मंगळवार, सकाळी ८:०५)
@शिरोळकर, रजिस्टर आधी बघावं हे मान्य. पण त्यात शाळेत गेलेलं मूल दिसतं, घर दिसत नाही. म्हातारी आजी, न शिकलेल्या मुली, घरात राहणारा मामा हे त्यात येणार नाहीत. १९५१ ची वही एका चुलीवर कोण जेवत होतं ते दाखवते. दोन्ही वेगवेगळी कामं करतात.

करवीर_पेठ (मंगळवार, सकाळी १०:४०)
‘एका चुलीवर’ हा शब्द बरोबर पकडलात. जनगणनेत कुटुंब म्हणजे एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. त्यामुळे एकाच वाड्यात चार भाऊ राहात असतील आणि चुली वेगळ्या असतील तर चार कुटुंबं लागतात. वाडा एक म्हणून सगळ्यांना एका घरात कोंबू नका.

शहरातल्यांसाठी दुसरी गोष्ट. गणनेच्या वेळी दारावर टाकलेला घर क्रमांक फक्त त्या गणनेपुरता असतो, पुढच्या खेपेला बदलतो. मतदार यादीतला वेगळा, घरपट्टीचा वेगळा. दोन सालांच्या नोंदी घर क्रमांकावरून जोडायला गेलात तर शेजाऱ्याचं कुटुंब आपल्या वंशावळीत येईल. कोल्हापुरात जोडायची खूण म्हणजे सिटी सर्व्हे नंबर आणि वॉर्ड. आपले पत्तेच तसे असतात, सि.स.नं. अमुक, बी वॉर्ड, मंगळवार पेठ. जुन्या मिळकत पत्रिकेवर धारकांची नावं आणि बदलाच्या तारखा सापडतात. गावात हेच काम गट नंबर करतो, आणि गट होण्याआधीचा सर्व्हे नंबर.

सांजवात (मंगळवार, दुपारी १:१५)
खूप आभार. एका फेरफाराची आणि कोतवाल बुकाच्या दोन पानांची नक्कल हाताशी आहे. पण कोतवाल बुक मोडीत आहे आणि साल फसली दिसतंय. पुढे कसं जावं?

मोडीमित्र (मंगळवार, रात्री ९:३०)
सालापासून सुरू करू, कारण तिथेच जास्त चुका होतात.

आपल्याकडचं फसली साल, म्हणजे महसुली कागदांतलं जुनं साल, मृगाला बदलतं, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात. जून ते डिसेंबरमधल्या तारखेला फसलीत ५९० मिळवा, जानेवारी ते मेमधल्या तारखेला ५९१. सगळीकडे ५९० मिळवणाऱ्यांची अर्ध्या वर्षाची माणसं एक वर्ष आधी जातात. शकात ७८ मिळवायचे, पौषाच्या मध्यापासून फाल्गुनाअखेर ७९. त्याहून जुन्या कागदांत शुहूर सन येतो, तोही मृगालाच बदलतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवतात. तो अरबी शब्दांत असतो आणि एकं आधी येतं. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे तीन, सत्तर, शंभर, हजार, ११७३. इसवी सन १७७२-७३.

नावांतले जोडशब्द: ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, कुठे ‘भ्रतार’ही लिहितात. सातबारा-फेरफारात ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता (वयात न आलेल्याचा पालक), ‘ए.कु.क.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा कर्ता. ए.कु.क. दिसलं की लक्षात घ्या, मागे आणखी भाऊ आहेत, त्यांची नावं त्या उताऱ्यावर नसतील.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत आणि शब्द तोडत नाहीत. ‘रामाबिनदादू’ असं सलग येईल. आधी ‘बिन’ शोधा, मग दोन्ही बाजूंची नावं सुटी होतात.

पानावरची एखादी ओळ इथे टंकून टाका, मिळून लावू.

सांजवात (मंगळवार, रात्री १०:१०)
एका शेजाऱ्याच्या मदतीने लागलेली ओळ अशी: ‘लक्षुमी कोम बाळा, वय ६०, ताप’. वरती फसली १३२८, आश्विन.

मोडीमित्र (मंगळवार, रात्री १०:४४)
छान ओळ आहे. हिच्यावरच दाखवतो.

फसली १३२८ आणि महिना आश्विन, म्हणजे ५९० मिळवायचे. सन १९१८, ऑक्टोबरच्या आसपास. त्या आश्विनात इन्फ्लूएंझाची साथ ऐन भरात होती. आपल्याकडे तिला मानमोडी म्हणत. त्यामुळे ‘ताप’ या एका शब्दामागे काय असेल ते सहज मनात येतं. पण उतरवताना ‘ताप’च लिहायचं. ‘मानमोडी असावी’ हे अनुमानाच्या रकान्यात, आणि का वाटतं तेही तिथेच. त्याच पानावर पुढेमागे किती मृत्यू ‘ताप’ म्हणून लागलेत ते मोजून ठेवा. एका महिन्यात नेहमीच्या कितीतरी पट ओळी असतील तर अनुमान बळकट होतं.

‘लक्षुमी’ला ‘लक्ष्मी’ करू नका. ‘कोम बाळा’वरून नवऱ्याचं नाव मिळालं. बाळाच्या आधी ‘मयत’ नाही, म्हणून तो जिवंत होता असं मात्र धरू नका. कोतवाल दर वेळी मयत लिहीत नसे.

वय ६० आहे. साठ, पन्नास, चाळीस ही वयं अंदाजाने सांगितलेली असतात. जन्मसाल १८५८ असं ठोकून न देता ‘अंदाजे १८५३ ते १८६३’ लिहा.

रंकाळ्याचा_कट्टा (मंगळवार, रात्री ११:०५)
नाद खुळा! एका ओळीत अख्खं घर उभं केलंत.

सह्याद्रीवारा (बुधवार, सकाळी ९:००)
मोडीमित्रांशी एका बाबतीत मतभेद. ‘लक्षुमी’, ‘लक्ष्मी’, ‘लक्ष्मीबाई’ अशी तीन रूपं तीन कागदांत असली आणि जशीच्या तशी ठेवली, तर वंशावळीत तीन बायका तयार होतात. शोधायला गेलं तर सापडतही नाही. मला वाटतं प्रमाण नाव लावून टाकावं, गोंधळ मिटतो.

मोडीमित्र (बुधवार, सकाळी ९:५०)
@सह्याद्रीवारा, अडचण खरी आहे, पण इलाज दोन रकान्यांचा. पहिल्यात ‘मूळ लेखन’, अक्षरन् अक्षर कागदाबरहुकूम. दुसऱ्यात ‘शोधनाव’, तुम्ही ठरवलेलं प्रमाण रूप. शोध आणि क्रमवारी दुसऱ्यावर चालवा. पहिला रकाना एकदा भरला की हात लावायचा नाही. आज आपण चुकीचं म्हणून दुरुस्त केलेलं नाव उद्या दुसऱ्या कागदात तसंच सापडलं तर दोन्ही जुळवायची सोय आपणच बुजवलेली असते. वाचता न आलेलं अक्षर चौकोनी कंसात प्रश्नचिन्हासह ठेवा, रा[मा?] असं. कागदच फाटका असेल तर ‘फाटले’ लिहा. न लागलेलं आणि नसलेलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सह्याद्रीवारा (बुधवार, सकाळी १०:१२)
दोन रकाने पटले. माझं म्हणणं मागे घेतो.

माहेरवाशीण (बुधवार, दुपारी २:३०)
बायकांच्या नोंदीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आपल्या सगळ्या कागदांत बाई ‘कोम’ म्हणून येते आणि तिचा माहेरचा धागा तिथेच तुटतो. लग्नात नाव बदललेलं असेल तर आणखी. शाळेच्या रजिस्टरातली कृष्णाबाई सासरच्या फेरफारात पार्वती होऊन बसलेली असते.

त्यामुळे प्रत्येक बाईसाठी चार गोष्टी वेगळ्या लिहाव्यात: माहेरचं नाव, माहेरचं गाव आणि आडनाव, सासरचं नाव, आणि हाक मारायचं नाव. चौथं क्षुल्लक वाटेल, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तेवढंच आठवत असतं. माहेर कळायला माहेरच्या बापाचा वारस फेरफार बघा. कधी मुलींची नावं वारसात लागतात, कधी बहिणींचा हक्कसोड झालेला असतो. हक्कसोडाच्या नोंदीत बहिणीचं सासरचं पूर्ण नाव आणि गाव मिळतं. तिचा हक्क सुटला त्या कागदावरच तिचा पत्ता राहतो.

दत्तकाचंही तसंच. दत्तक गेलेल्या मुलाला जन्मदाते आणि दत्तक आईबाप असे दोन्ही रकाने हवेत. एकच ठेवला तर तो एका घरातून नाहीसा होतो आणि दुसऱ्या घरात अचानक उगवतो.

शिरोळकर (बुधवार, दुपारी ४:१०)
ताईंना पूर्ण अनुमोदन. जोडीला एक. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची चाल असल्यामुळे ‘रामा बिन दादू’ आणि ‘दादू बिन रामा’ आलटून पालटून येत राहतात. साठ वर्षांच्या अंतराने दोन ‘रामा बिन दादू’ सापडले तर एकच समजू नका. बायकोचं नाव, भावांची नावं आणि गट नंबर, या तिन्हींपैकी दोन तरी जुळल्याशिवाय माणूस जोडू नये. आडनावावर तर विसंबूच नये. पाटील हे आडनावही असतं आणि वतनही, जुन्या कागदांत कित्येकदा आडनाव नसतंच.

तांबडा_पांढरा (बुधवार, सायंकाळी ६:००)
थोडं विषयांतर. हेळवी येतात त्यांच्याकडच्या वंशावळी कितपत धरायच्या? आमच्या भागात सुगीनंतर यायचे, बैलावर बसून.

मोडीमित्र (बुधवार, रात्री ८:४५)
विषयांतर नाही, मुद्द्याचंच आहे. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकात घराण्यांच्या पिढ्या सांगणं हेच हेळव्यांचं काम. त्यांच्याकडे चोपड्या असतात, पुष्कळदा कन्नडमध्ये. मूळ गाव, कुलदैवत, कुठून उठून कुठे वसले, हे तिथे मिळतं आणि महसुली कागदात कधीच मिळत नाही. तुमचा पन्हाळ्याकडचा धागा तिथे लागू शकतो.

जाताना शिधा न्या, मान राखा, परवानगी घेऊन आवाज ध्वनिमुद्रित करा. ते वाचून दाखवतात त्या क्रमानेच लिहा, मध्ये थांबवून ‘हे आमचे कोण’ असं विचारत बसू नका. सालं सहसा नसतात, बायकांची नावं कमी असतात, मूल न झालेला भाऊ गळतो. म्हणून स्रोताच्या रकान्यात ‘हेळवी, तोंडी’ की ‘हेळवी, चोपडी’ हे वेगळं लिहा. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांनाही हेच लागू. तिथे यात्रेला गेलेल्या पूर्वजाने स्वतः सांगितलेली नावं असतात, ही त्यांची जमेची बाजू.

चंदगडी (गुरुवार, सकाळी ७:५५)
हद्दींचा मुद्दा राहिला. चंदगड तालुका १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. १९५१ चं काहीही शोधायचं तर बेळगाव धरून विचारा. उलट रायबाग कोल्हापूर संस्थानात होतं, आज ते कर्नाटकात आहे. कुरुंदवाड पटवर्धनांचं स्वतंत्र संस्थान. कागल, इचलकरंजी, विशाळगड, बावडा या जहागिऱ्या, त्यांची दप्तरं वेगळी चालत. संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. त्याआधीच्या कागदावर ‘जिल्हा कोल्हापूर’ शोधून मिळणार नाही. आज हातकणंगले म्हणतो त्या भागासाठी जुन्या कागदांत आळते हे नाव येतं.

म्हणून नोंदीत गावाचे दोन पत्ते ठेवा, तेव्हाचा आणि आजचा. आजच्यासाठी २०११ च्या जनगणनेचा गाव सांकेतांक लिहिला की सारख्या नावाच्या दोन गावांत घोळ होत नाही. महाराष्ट्र २७, कोल्हापूर जिल्हा ५३०, पुढे गावाचा सहा अंकी आकडा. जिल्हा जनगणना पुस्तिकेत सापडतो.

नकाशावाला (गुरुवार, सकाळी ९:३०)
त्या पुस्तिकेचा आणखी उपयोग आहे. नावं नसली तरी गावात किती कुटुंबं, किती माणसं हे कळतं. १९५१ ला गावात साठ कुटुंबं होती आणि तुमच्या हाती त्या काळातल्या पंचावन्न खातेदारांची नावं आहेत, तर जवळपास सगळं गाव तुम्हाला ओळखता येतं. मग उरलेला अनोळखी ‘रामा’ कोण हे वजाबाकीने निघतं.

जुन्या आकड्यांबद्दल एक सावधगिरी. १९३१ पर्यंत गणना एका रात्रीची असे. २६ फेब्रुवारी १९३१ च्या रात्री जो जिथे सापडला तिथे मोजला. यात्रेला, बाजाराला, ऊस गाळायला गुऱ्हाळावर गेलेला माणूस तिकडे लागला. १९४१ पासून ही एका रात्रीची पद्धत सुटली आणि नेहमीच्या वस्तीचा विचार होऊ लागला. गावची संख्या दोन सालांत कमी-जास्त दिसली म्हणून लगेच स्थलांतर झालं म्हणू नये.

रंकाळ्याचा_कट्टा (गुरुवार, दुपारी १२:२०)
कागद कसे ठेवायचे तेही सांगा कुणीतरी. २००५, २०१९, २०२१, पंचगंगेने प्रत्येक वेळी दाखवलंय की तळमजल्यावरची ट्रंक सुरक्षित नाही.

करवीर_पेठ (गुरुवार, दुपारी ३:०५)
पूररेषेच्या वर, पण माळ्यावर नको, वरच्या मजल्यावर. माळ्यावर कौलातून गळतं आणि उन्हाळ्यात कागद भाजतात. लॅमिनेशन अजिबात नको, पुन्हा निघत नाही आणि कागद आत पिवळा पडतो. चिकटपट्टी नको, टाचणी नको, गंज कागद खातो. जुन्या सुती धोतराच्या फडक्यात बांधून वर झाकण असलेला डबा, डब्यात डांबरगोळी कागदाला लागू न देता.

कागद भिजलेच तर उन्हात टाकू नका, सुरकुततात आणि शाई उडते. चिकटलेली पानं ओढू नका. मध्ये टीपकागद नाहीतर कोरा पांढरा कागद घालून पंख्याखाली, दर दोन-तीन तासांनी बदलत. वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई उतरते. एकदम फार भिजले असतील तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, बुरशी थांबते आणि जाणकार गाठायला वेळ मिळतो.

फोटो काढताना पहिला वहीच्या पुठ्ठ्याचा, मग पानं क्रमाने. फ्लॅश बंद. फाइलचं नाव मोबाइलने दिलेलं ठेवू नका. तालुका-गाव-कागद-साल-पान, असं: करवीर-गाव-नमुना१४-फ१३२८-पान१२.

सांजवात (गुरुवार, रात्री ९:००)
किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी! पहिल्याचं आणि तिसऱ्याचं उत्तर मिळालं. दुसरा प्रश्न अजून उरलाय, माणसागणिक की घरागणिक? आणि साध्या एक्सेलमध्ये होईल का?

अभिलेखकक्ष (गुरुवार, रात्री ९:५५)
दोन्ही, पण पायरीने. आधी कागदागणिक नोंद करा. एक कागद, एक क्रमांक. त्या कागदात घर दिसत असेल तर सगळं घर एकत्र उतरवा, आपल्या नसलेल्या माणसांसकट. आज परका वाटणारा मामा उद्या पणजीचा भाऊ निघतो. मग प्रत्येक माणसाला कायमचा क्रमांक द्या आणि माणसाच्या पानावर फक्त कागदाचा क्रमांक लिहा. तीच माहिती दोन्हीकडे टंकली की एका ठिकाणची दुरुस्ती दुसरीकडे राहून जाते.

कागदाच्या तक्त्यात मी हे रकाने ठेवतो: कागद क्रमांक, प्रकार, कुठल्या कार्यालयात पाहिला, दप्तर-वही-पान, मूळ तारीख, इसवी तारीख, तेव्हाचं गाव, आजचं गाव, मूळ लेखन, शोधनाव, नातं कागदात लिहिलेलं, नातं आपण लावलेलं, वय, जन्माचा पल्ला, अनुमान, पाहिल्याची तारीख.

‘जन्माचा पल्ला’ भरताना संदर्भ तारीख धरा. १९५१ च्या गणनेची १ मार्च. ४० वर्षं पूर्ण लिहिलं असेल तर जन्म २ मार्च १९१० ते १ मार्च १९११ मधला. ‘चाळिसावं चालू’ असेल तर सगळा पल्ला एक वर्षाने पुढे. आपल्याकडे दोन्ही तऱ्हेने वय सांगतात, म्हणून कोणती तऱ्हा ते लिहा.

नकाशावाला (गुरुवार, रात्री १०:२०)
एक्सेलमध्ये होईल. जुन्या फॉण्टात टंकू नका, युनिकोडमध्येच. सीएसव्ही (साध्या मजकुरात साठवलेल्या तक्त्याची) फाइल दुहेरी टिचकीने उघडली तर मराठीचे डबे होतात. डेटा मेनूतून आयात करा आणि यूटीएफ-८ निवडा. इसवी तारखेचा रकाना ‘मजकूर’ म्हणून ठेवा, १९०० च्या आधीची तारीख एक्सेलला तारीख म्हणून कळत नाही. पुढे पसारा वाढला तर ग्रॅम्प्स हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात जनगणना ही एक घटना करून घरातल्या सगळ्यांना तिच्याशी जोडता येतं, म्हणजे अभिलेखकक्ष म्हणतात तेच.

हयात माणसांची जन्मतारीख, जात, आधार असलं काही ऑनलाइन वंशावळीत घालू नका.

माहेरवाशीण (गुरुवार, रात्री १०:५०)
आणि येणाऱ्या गणनेचं? १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. आपण प्रगणकाला सांगू ते पुन्हा आपल्याला बघायला मिळणार नाही, हे वरती कळलंच. मग त्याच दिवशीची आपली घरची खानेसुमारी आपणच लिहून ठेवली तर?

अभिलेखकक्ष (गुरुवार, रात्री ११:१०)
अगदी हेच सुचवणार होतो. चुलीगणिक एक पान. नाव, हाक मारायचं नाव, नातं, जन्मतारीख आणि ती कशावरून, जन्मगाव, बायकांचं माहेर, शिक्षण, धंदा, या घरात कधीपासून, आधी कुठे. शिक्षणाला पुण्याला असलेलं पोरगं आणि परदेशातली लेक ‘त्या दिवशी घरी नाही’ असं लिहून वेगळी दाखवा. खाली भरणाऱ्याची सही आणि तारीख. पाण्यात न पसरणाऱ्या काळ्या शाईने. दोन प्रती, एक घरी आणि एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे.

सांजवात (गुरुवार, रात्री ११:२५)
चुलत्यांच्या चारही चुलींची पानं करून घेते. मोडीमित्र, कोतवाल बुकाच्या दुसऱ्या पानावरची ओळ उद्या टाकते. त्यात ‘बिन’च्या आधीचं अक्षर लागत नाहीये.

मोडीमित्र (गुरुवार, रात्री ११:३२)
फोटो नीट उजेडात, ओळीच्या वरच्या आणि खालच्या दोन-दोन ओळी येतील असा काढा. त्याच हाताने लिहिलेलं तेच अक्षर आजूबाजूला सापडलं की लागेल.